तीन मिलिमीटर वाकडी

इंगोले सर कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवत नाहीत. आधी त्या घरातली सायकल उलटी करतात.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. अमरावतीच्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो त्याला आता पंधरा वर्षं झाली. अजून भांड्यांची खोकीही उघडली नव्हती. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर पोर्चमध्ये एक अनोळखी गृहस्थ उकिडवे बसलेले. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर कॅलिपर आणि पुढ्यात माझी सायकल, चाकं वर करून ठेवलेली. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनीच मला दरडावलं.

"कावून जी, किती वर्षांपासून तेल नाही घातलं हिले?"

"तुम्ही कोण?"

"समोरच राह्यतो. इंगोले. आयटीआयले फिटर शिकवतो. हिचा नंबर घासून गेला हाय. चोरीची तं नाही ना घेतली?"

"छे! दुकानातून घेतलीय."

"पुरावा?"

आणि मी, वयाच्या चाळिशीत, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सायकलची पावती शोधायला आत गेलो. ती सापडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. बाहेर आलो तर सर निघून गेले होते, सायकल सरळ उभी होती आणि साखळीला तेल घातलेलं होतं.

आमच्याकडे औषधाचं दुकान चालवणाऱ्याला लोक डॉक्टर म्हणतात. मीही आता त्यांची चूक दुरुस्त करणं सोडून दिलं आहे. कॉलनीच्या तोंडाशी माझं दुकान आहे आणि सर निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, सकाळी अकरा ते साडेबारा त्यांचा मुक्काम माझ्या काउंटरपुढच्या स्टुलावर असतो. 'पुरावा' हा त्यांचा आवडता शब्द, तो तिथंही सुटत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "ताप हाय," की मी गोळी काढायच्या आत सर विचारणार, "मोजला का?"

"अंग गरम लागून राह्यलं ना जी."

"म्हनजे मोजला नाही. डॉक्टर, याले आंधी थर्मामीटर द्या."

माझे थर्मामीटर पुष्कळ खपले, पण काही गिऱ्हाइकंही तुटली. पलीकडच्या दुकानात उलटतपासणी होत नाही, असं एका बाईंनी मला तोंडावर ऐकवलं.

एकदा जयस्तंभ चौकात एका दूधवाल्यानं सरांना चोर म्हणून धरलं. तो हॉटेलात दूध घालायला गेला आणि बाहेर येऊन पाहतो तर त्याच्या सायकलखाली एक म्हातारा आडवा पडलेला. चार माणसं जमली. मला फोन आला म्हणून मी दुकान सोडून धावलो. तिथं जाऊन पाहिलं तर कॉलर दूधवाल्याच्या हातात, आणि सर मात्र त्यालाच झापत होते. "पुढच्या चाकाचा चिमटा चिरला हाय तुहा. एवढे कॅन लटकवून फिरून राह्यला, दात पाडून घेशीन एखाद्या रोजी." दूधवाल्यानं वाकून पाहिलं. चिमटा खरंच चिरला होता. तेव्हापासून तो माणूस दर महिन्याला आपली सायकल सरांना दाखवायला आणतो.

आता फ्रेमबद्दल. सरांच्या बैठकीत, जिथं इतरांकडे देवाचा नाहीतर आजोबांचा फोटो असतो, तिथं दोन खुंट्यांवर सायकलची एक फ्रेम टांगलेली असते. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही, नुसता सांगाडा. लेडीज धाटणीची, मधली नळी खाली वाकवलेली, अंगानं जरा लहानच. हँडलखालच्या नळीवर कंपनीची पट्टी नाही. पट्टी ठोकायची छिद्रंसुद्धा नाहीत. खाली नंबर नाही. सरांनी रंगाचे पाच थर खरवडून काढले, तरी कुठं एक अक्षर निघालं नाही. निघाले ते फक्त प्रत्येक जोडाजवळ दोन-दोन बारीक ठिपके, मोहरीच्या दाण्याएवढे.

ही फ्रेम कोणी बनवली, याचा सर निवृत्तीपासून शोध घेत होते. पहिल्या वर्षी ती इंग्रज होती. दुसऱ्या वर्षी डच झाली. मध्ये चार महिने जर्मन होती, पण ठिपक्यांचा मेळ बसेना म्हणून पुन्हा इंग्रज झाली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गुडघ्याला लावायचं मलम न्यायला दुकानात आल्या की मी विचारायचो, "काय काकू, सध्या कोणत्या देशात?"

"कालपासून फ्रान्सात हाय," काकू म्हणायच्या. "नळ आले म्हनून सांगतलं, तं फ्रान्सात आयकूच नाही आलं त्यायले."

काकू निवृत्त शिक्षिका. ठेंगण्या, हसऱ्या, चालताना डावीकडे जराशा झुकणाऱ्या. ते झुकणं गुडघ्यामुळे असणार असं मी धरून चाललो होतो आणि मलम देत होतो.

सरांकडे गेलेल्या पाहुण्याला चहाआधी परीक्षा द्यावी लागे. फ्रेमकडे बोट करून सर विचारत, "कुठची वाटते?" जो म्हणेल, "असेल कुठलीतरी जुनी," त्याला अर्धा कप. जो म्हणेल, "विलायती वाटते," त्याला पूर्ण कप आणि सोबत चिवडा. हे लक्षात आल्यावर मी कायमचा विलायती पक्षात गेलो. परदेशातल्या काही जुन्या कंपन्यांना त्यांनी फोटो आणि मापं धाडली होती. एकीचं उत्तर आलं, फार सभ्य भाषेत, की ही फ्रेम आमची नाही. सरांनी ते पत्र लॅमिनेट करून फ्रेमशेजारी टांगलं.

"अहो, नाही म्हणालेत ना ते?"

"मंग? नाही बी पुरावाच असते."

एक गोष्ट मात्र त्यांना कायम टोचायची. पायडलचा आस ज्या डबीतून जातो, ती डबी या फ्रेममध्ये सरळ बसवलेली नव्हती. डावी बाजू उजवीपेक्षा तीन मिलिमीटर वर होती. सरांनी ती शंभरदा मोजली असेल. हे सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. आयटीआयमध्ये अर्ध्या मिलिमीटरसाठी ज्यांनी पोरांनी घासून बनवलेले जॉब भंगारात फेकले, त्यांच्या बैठकीत तीन मिलिमीटर वाकडा माल देवाच्या जागी टांगलेला होता. मला त्याची गंमत वाटे. निवृत्त माणसाला काहीतरी लागतं, कुणी भजनी मंडळ काढतो, कुणी बाग करतो, यांना हे लोखंड मिळालं, एवढंच मी समजत होतो.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस सर एसटीनं पातूरला गेले. जुन्या भंगाराच्या दुकानांतून हिंडायला ते असे कुठंही जातात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आले ते स्टुलावर बसलेच नाहीत. मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. भंगारवाल्याकडच्या एका गंजक्या फ्रेमचा फोटो होता आणि जोडाजवळ तसेच दोन ठिपके.

"दुकानदार म्हने, ही अकोल्याच्या याकूब मिस्त्रीच्या हातची हाय. मिस्त्री जिता हाय अजून. हे ठिपके त्यानं कोन्त्या विलायती फ्रेमवरून उचलले, ते विचारतो. डॉक्टर, रविवारी गाडी काढता का? एसटीत फ्रेम घिऊ देत नाही."

रविवार माझा माल लावायचा वार. शिवाय मलेरियानं कॉलनी भरली होती आणि मी वैतागलेला होतो. "सर, एका लोखंडासाठी अकोल्याला?" मी म्हणालो. जरा तुसड्यासारखंच म्हणालो.

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. "ते लोखंड तुमच्या काकूचं हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी उभ्या-उभ्याच सांगितलं. काकू तेल्हाऱ्याच्या. वडील तिथल्या जिनिंगमध्ये कामाला. लग्नाआधी काकूंना खेड्यातल्या शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी ही सायकल आणून दिली. विलायती आहे, असं सांगून दिली. काकूंना तिचा मोठा अभिमान. लग्न झाल्यावर सर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले. अंगणात पाहुणे बसलेले. नवीन नोकरी, नवीन विद्या. सरांनी सगळ्यांदेखत सायकलला ओळंबा लावला आणि निकाल दिला: ही विलायती नाही, डबी वाकडी आहे, असा माल विलायतेच्या कारखान्यातून बाहेर पडत नाही, तुम्हाला कोणीतरी फसवलं.

"सासरा काय म्हणाला?"

"म्हने, 'असन, बाप्पा. तुमी शिकेल मानसं.' बस. उठून बैलाले पानी पाजाले गेला. त्याच्यानंतर माह्याशी कामापुरतंच बोलला, मरेपर्यंत. अन् तुमच्या काकूनं ती सायकल परत चालवली नाही."

"म्हणजे तुम्ही अकरा वर्षं..."

"मी चुकलो होतो याचा पुरावा पाह्यजे मले, डॉक्टर. ती विलायती निघाली पाह्यजे. मंग मले तिच्यासमोर तोंड घिऊन उभं राह्यता यीन."

मी रविवारी गाडी काढली.

फ्रेम चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर घेतली. सरांनी तिला सीटबेल्ट लावला, स्वतः लावायचं विसरले. मांडीवर अकरा वर्षांची फाइल. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी मला फ्रान्स आणि हॉलंडमधल्या जोडकामातला फरक समजावला, तो मी मान डोलावून ऐकला आणि विसरलो.

याकूब मिस्त्रींचं दुकान जुन्या अकोल्यात एका बोळात होतं. तिथं आता कूलर दुरुस्त होतात. मिस्त्री बाहेर बाकावर उन्हाला बसले होते. ऐंशीच्या आसपासचे, जाड भिंगांचा चष्मा, बोटांना जुन्या भाजल्याचे डाग. सरांनी फाइल उघडून पहिल्या पानापासून सुरुवात केली. मिस्त्रींनी फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. फ्रेम मांडीवर घेतली आणि एकेका जोडावरून अंगठा फिरवला.

"कुठी मिळाली जी हे?"

"आंधी तुमी सांगा, कोनाची हाय?"

"माही."

"पुरावा?" सर सवयीनं म्हणाले.

मिस्त्रींना राग आला नाही. "हे ठिपके पाह्यले? पितळाची झाळ मारायच्या आंधी नळी हलू नये म्हनून खिळा ठोका लागते. सारी दुनिया खिळा ठोकते. खिळा मोटा पडते. मी स्पोकचा तुकडा ठोकत होतो. अकोल्यात दुसरा कोनी नाही ठोकत होता."

ज्या ठिपक्यांत सरांनी चार देशांच्या सांकेतिक खुणा शोधल्या, ती आपल्या साध्या सायकलच्या स्पोकची टोकं होती. मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. सर मात्र पांढरे पडले होते. विलायत संपली होती. पुरावा मिळाला होता, तो नेमका उलटा.

"मंग बुढ्याले फसवलंच म्हना," ते हळूच म्हणाले. मग एकदम चिडून, "डबी कावून वाकडी बसवली हो तुमी? तीन मिलिमीटर! एवढा हात साफ असल्यावर?"

मिस्त्रींनी फ्रेम उलटी केली. डबीच्या दोन्ही तोंडांवर दोन अंगठे ठेवून त्यांची उंची ताडून पाहिली. मग मान वर करून विचारलं, "डावा पाय कोनाचा आखूड हाय?"

बोळातून एक हातगाडी खडखडत गेली.

"माह्या बायकोचा," सर म्हणाले.

"तेल्हाऱ्याची?"

"हौ."

"बाप आला होता तिचा," मिस्त्री म्हणाले. "याद हाय मले. जिनिंगवाला. हातात दोन पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळल्या काड्या. एक उजव्या पायाच्या मापाची, एक डाव्या. पोरगी निजली असताना माप घेतलं म्हने. अर्ध्या इंचाचा फरक. म्हने, मिस्त्री, मास्तरीन झाली माही पोरगी. शाळा दूर हाय. अशी सायकल बनव का दोनी पाय सारके पुरले पाह्यजे. अन् तिले समजलं नाही पाह्यजे."

"म्हणून डबी तिरपी?" मी विचारलं.

"डावं पायडल वर येते ना मंग. डबीत तीन मिलिमीटर तं पायडलापाशी अर्धा इंच होते. मी म्हनलं, पट्टी कोन्ती लावू? तो म्हने, विलायती लाव. मी म्हनलं, झूठी पट्टी मी नाही लावत, लावली तं माही लावीन. तो म्हने, तुही लावशीन तं पोरगी इचारन, इकत घ्यायची सोडून बनवून कावून आनली? मंग देल्ली तशीच. बिना पट्टीची." मिस्त्रींनी डबीवर थाप मारली. "सरळ बसवली असती तं एका रोजात झाली असती. हे तीन मिलिमीटर वर ठेवाले दोन रोज लागले मले."

सरांनी फाइल बंद केली आणि तिचा बंद बांधू लागले. तो काही त्यांना बांधता येईना. शेवटी मी बांधून दिला.

परतताना मला राहून राहून त्या सासऱ्याचं वाईट वाटत होतं. भर अंगणात जावई फसवलं-फसवलं म्हणत असताना त्याला एका वाक्यात गप्प करता आलं असतं. पण त्या वाक्यात लेकीचा पाय होता, आणि समोर नव्या जावयाची सगळी माणसं. म्हणून तो 'असन, बाप्पा' म्हणाला आणि बैलाकडे गेला. मी सरांवर तेव्हा खरंच चिडलो होतो. पण शेजारच्या सीटवर ते इतके लहान होऊन बसले होते की तो राग टिकला नाही.

मूर्तिजापूरला चहा घेताना ते म्हणाले, "मले वाटे, तिची चालच तशी हाय. चाळीसच्या वर वर्षं झाले, डॉक्टर. तीन मिलिमीटर दिसले मले, अर्धा इंच नाही दिसला." थोड्या वेळानं म्हणाले, "आता सांगू कसं? बुढ्यानं जन्मभर लपवलं. मी सांगून टाकू?" तुम्ही चुकलात एवढंच सांगा, कसं चुकलात ते राहू द्या, असं काहीतरी मी म्हणालो.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सर फ्रेम घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"तुह्या बाबाले कोनी फसवलं नव्हतं," ते म्हणाले. "मीच चुकलो होतो."

"विलायती निघाली?"

सर फ्रेमकडे पाहू लागले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. काकूंनी एक शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले.

"अकोल्याची हाय ना? मले माईत हाय."

"कसं?"

"बसत होती ना मी तिच्यावर! टरेनिंगले मैत्रिनीची सायकल चालवली तं दोन दिवस कंबर धरून बसली. हिच्यावर दोनी पाय सारके पुरत. विलायतेतल्या मानसाले माहा पाय कसा माईत असन?"

"मंग बाबाले बोलली कावून नाही?"

"त्यायले वाटे, मले समजलं नाही. तसंच वाटू देल्लं."

"अन् चालवनं सोडलं ते?"

"तुमी चारचौघांत वाकडी म्हनलं. वाकडीवर बसली असती तं कोनी ना कोनी माह्या पायाकडे पाह्यलं असतं." त्या हे अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, भाजीचं सांगावं तसं.

"मले तं सांगाचं!" सर जवळजवळ ओरडले.

"मले कधी विचारलं तुमी? तुमी तं सायकललेच विचारत राह्यले."

सरांनी फ्रेम भिंतीला टेकवली आणि ओट्यावर काकूंच्या शेजारी बसले. टोपलीतली एक शेंग घेतली, सोलली, दुसरी घेतली. मी तिथं असायला नको होतो. गाडीची किल्ली उगाच खिशात चाचपत मी रस्ता ओलांडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सर अकराची वाट न पाहता दुकान उघडतानाच आले.

"चपलेत घालाची ती रबरी टाच असते ना तुमच्याकडे?"

असते. पंधरा वर्षं ती माझ्याकडे होती, काउंटरच्या खालच्या खणात, आणि पंधरा वर्षं मी काकूंना गुडघ्याचं मलम देत होतो. मला माझीच लाज वाटली, आणि ती मी सरांना बोलूनही दाखवली.

"किती जाडीची देऊ?" मी विचारलं.

"अर्धा इं..." ते थांबले. "नाही. ते बुढ्यानं घेतलेलं माप हाय, तवाचं. थांबा, तिलेच आनतो."

काकू आल्या, नको नको म्हणत. सरांनी त्यांना स्टुलावर बसवलं, डाव्या पायातली चप्पल स्वतःच्या हातानं काढली आणि मी दिलेली पहिली टाच तिच्यात ठेवून पुन्हा पायात सरकवली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"उभी राहून पाह्य. आता सारके वाटतेत?"

"अहो, लोक पाहून राह्यले," काकू म्हणाल्या.

"पाहू दे," सर म्हणाले, आणि जरा जाड टाच मागायला त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.